वसंतदादांवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर: टीका जरूर करा, पण नेमक्या जागी करा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. एवढं मोठं आणि मनापासून लिहिलंत त्याबद्दल आधी आभार, कारण काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांवर हल्ली कुणी भांडायलासुद्धा येत नाही. जयंतीला फोटोला हार घालतात आणि विषय संपतो. ज्यांनी तुमची कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की माझा लेख म्हणजे भक्तिभाव आहे, सांगलीचा तुरुंग फोडला त्या एका दिवसाच्या पुण्याईवर हा माणूस चाळीस वर्षं सत्तेत राहिला, साखर कारखान्यातून त्यांनी घराणेशाही जन्माला घातली, कृष्णाकाठी ऊस वाढला पण दुष्काळी भागाला पाणी मिळालं नाही, सातवी शिकलेल्या माणसानं शिक्षणाचा बाजार मांडला, आणि 1978 ला स्वतःचं सरकारसुद्धा सांभाळता आलं नाही. बरोबर ना? यातल्या काही गोष्टींवर मी तुमच्याशी भांडणार आहे आणि एका बाबतीत सांगणार आहे की तुम्ही टीका केलीत ती फारच मवाळ केलीत.

आधी तो "एक दिवस". 24 जुलै 1943. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, आणि तुरुंग गणेशदुर्गाच्या आत, म्हणजे तुरुंगाची भिंत ओलांडली तरी पुढं किल्ल्याचा तट आणि तटाच्या बाहेर पाण्यानं भरलेला खंदक. त्यात पावसाळ्याचे दिवस, कृष्णा दुथडी भरलेली. दादा स्वातंत्र्यलढ्यात पकडले जाऊन जेमतेम महिना झाला होता, वय पंचवीस. रात्रीच्या अंधारात गुपचूप भुयार खणून वगैरे पळाले नाहीत दादा आणि त्यांचे सोबती, दिवसाढवळ्या पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तटावर चढले आणि खंदकात उड्या टाकल्या. मागं पोलीस गोळ्या झाडत आलेले. त्या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव जागीच गेले, दादांना खांद्यात गोळी लागली आणि ते परत पकडले गेले. म्हणजे तुम्ही म्हणता तसा "यशस्वी स्टंट" तर तो नव्हताच, दोन जिवाभावाची माणसं गमावून हा माणूस जखमी अवस्थेत परत त्याच सरकारच्या ताब्यात गेला आणि 1946 पर्यंत आत राहिला. पुढच्या चाळीस वर्षांत याचं राजकीय भांडवल झालं का? झालं, कार्यकर्ते प्रत्येक निवडणुकीत ती गोष्ट सांगायचे, मी नाकारत नाही. पण ज्याच्या शेजारी पळणारा सोबती गोळी लागून पडलाय त्याच्याबद्दल "पुण्याई कॅश केली" हा शब्दप्रयोग मला वाचवला नाही, आणि तुम्हीही परत वाचाल तर तुम्हालाही तो नको वाटेल असं मला वाटतं.

आता चाळीस वर्षं सत्ता. हे तर हिशोबातच बसत नाही हो. 1952 ला आमदार झाले, पण मंत्री कधी झाले? 1972 ला. मधली वीस वर्षं हा माणूस पक्षाचं काम करत होता, पण लाल दिव्याच्या गाडीत नव्हता, आणि मागितलं असतं तर मिळालं नसतं असंही नाही. मुख्यमंत्री म्हणून पहिल्यांदा 1977 ते 78, सव्वा वर्षाच्या आसपास. दुसऱ्यांदा फेब्रुवारी 1983 ते जून 1985. दोन्ही मिळून चार वर्षंसुद्धा भरत नाहीत. पहिल्यांदा मुख्यमंत्री होण्याआधी तर तेव्हाचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांनी मंत्रिमंडळातून काढलं म्हणून राजकारण संन्यास जाहीर करून घरी बसले होते. नंतर काही काळ राजस्थानचं राज्यपालपद. तुम्ही ज्याला सत्ता म्हणताय ती खुर्चीची नव्हती, ती माणसांच्या मनावर होती, आणि त्या सत्तेवर टीका करायची तर वेगळ्या पद्धतीनं करावी लागते.

त्या वीस वर्षांत केलं काय, तर सहकारी साखर कारखाना. घराणेशाहीवर तुमचा राग आहे, माझाही आहे, सांगली जिल्ह्यात राहून तो नसेल तर माणूस आंधळा म्हणायचा. पण 1955-56 च्या सुमाराला शेतकऱ्याची काय अवस्था होती ते बघा ना. ऊस लावायचा, गुऱ्हाळ घालायचं, गुळाच्या ढेपी बैलगाडीत घालून सांगलीच्या पेठेत आणायच्या आणि अडत्या देईल तो भाव घेऊन, आधी उचल घेतली असेल तर ती वळती करून, हातात राहील ते घेऊन गावाकडं जायचं. भाव पडला तर ढेप परत नेता येत नाही, घरी ठेवली तर पावसाळ्यात पाझरते. प्रवरेला विठ्ठलराव विख्यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन दाखवून दिलं होतं की शेतकरी स्वतः कारखान्याचा मालक होऊ शकतो, दादांनी तेच सांगलीत केलं, गावोगाव फिरून शेअर्स गोळा केले. लोकांनी पैसे कुणाकडं बघून दिले? तुरुंग फोडणाऱ्या पोराकडं बघून. इथं ती "पुण्याई" कामाला आली, आणि माझ्या मते ती अशीच कामाला यायला पाहिजे होती.

पुढं त्याच कारखान्याचं कर्ज वाढत गेलं, आता तो भाड्यानं चालवायला द्यावा लागला, दादांच्या नावाची बँक बुडाली, ठेवीदारांच्या डोळ्यात पाणी आलं, हे सगळं खरं आहे. पण दादा 1 मार्च 1989 ला गेले. त्यानंतरच्या संचालक मंडळांनी जे केलं त्याचं बिल त्यांच्या नावावर फाडायचं असेल तर मग पत्रावळ्यांच्या बलिदानाचं श्रेय पण त्याच मंडळींना देणार का? ज्याचं त्याला द्या.

एक मुद्दा मात्र तुमचा सोडवत नाही, पाण्याचा. कृष्णाकाठी ऊस आणि जत-आटपाडीला टँकर, हे चित्र दादांच्या काळातच पक्कं झालं. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणा देणारा माणूस उसाच्या पट्ट्याचा नेता होता, हा विरोधाभास आहेच. ताकारी-म्हैसाळसारख्या उपसा योजना त्यांच्या काळात पुढं सरकल्या खऱ्या, पण पाणी शिवारात यायला पुढं पिढी गेली. यात फक्त त्यांचा दोष नाही, पण ते पाटबंधारे खात्याचे मंत्री राहिलेले होते, त्यामुळं दोषात वाटा आहेच.

आता मुख्य भांडण. "सातवी शिकलेल्या माणसानं शिक्षणाचा बाजार मांडला." यातलं पहिलं अर्ध वाक्य मला अजिबात पटलं नाही. आईवडील लहानपणीच गेले, सांगलीजवळच्या पद्माळ्यात आजीनं वाढवलं, सातवीच्या पुढं जाता आलं नाही, ही त्यांची लायकी नव्हती, परिस्थिती होती. आणि विचार करा, 1983 ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी देण्याचा निर्णय पदवीधर मुख्यमंत्र्यांना का सुचला नाही? कारण पदवीधरांच्या मुलांना पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज हे मिळत होतं, जागा मोजक्या होत्या पण त्या कुणाच्या वाट्याला जातात ते सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांच्याकडं पैसा होता ती पोरं बेळगाव, मणिपाल, दावणगेरेला जायची, देणगी भरून. महाराष्ट्राचा पैसा कर्नाटकात जायचा आणि ज्याच्याकडं पैसा नाही तो डिप्लोमाला किंवा बीएस्सीला नाहीतर सरळ एमआयडीसीत हेल्पर म्हणून.

आमच्या भावकीतलाच एक किस्सा आहे, आता ते काका साठीला आलेत. बारावीला चांगले मार्क पण वालचंदचं मेरिट थोडक्यात हुकलं, आणि त्याच वर्षी नवीन कॉलेजं सुरू झाली. वडिलांनी दोन म्हशी विकल्या, वरचे सोसायटीचं कर्ज काढून भरले. कॉलेज म्हणजे काय, पत्र्याचं शेड, वर्कशॉपला लेथ यायची होती, सर लोक स्वतःच नुकतेच पास झालेले. ग्रंथालयात एकच पुस्तक सगळ्या वर्गात फिरायचं, तेही पान फाटलेलं. हे सगळं ते स्वतः सांगतात, काही लपवत नाहीत. पण त्यांच्या आधी आमच्या भावकीत कुणी इंजिनिअर नव्हतं आणि त्यांच्या नंतर प्रत्येक घरात आहे. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, अशी गोष्ट तुम्हाला दर गल्लीत मिळेल. पुण्यात हिंजवडीला सकाळी कंपनीच्या बसमधून उतरणारी ग्रामीण मुलं-मुली आज दिसतात त्यांची वाट 1983 पासून सुरू होते. पुण्याची एमआयटी, पीआयसीटी, भारती विद्यापीठाचं कॉलेज, इस्लामपूरचं राजारामबापू, दादांच्या गावाजवळचं बुधगाव, ही सगळी एकाच वर्षातली आहेत, 1983 ची.

मग बाजार झाला नाही का? झाला. आणि इथं मी दादांचा बचाव करणार नाही. त्यांनी दार उघडलं पण फी किती, देणगी घ्यायची की नाही, शिक्षक कोण, प्रवेश कोण देणार, याचे नियम दाराबरोबर लावले नाहीत. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठीच्या देणगीवर बंदीचा कायदा यायला 1987 उजाडलं आणि मेरिटच्या फ्री सीट आणि जास्त फीच्या पेमेंट सीट यांची काहीतरी शिस्त तर 1993 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आली. मधली वर्षं रान मोकळं होतं. आणि कॉलेजं कुणाला मिळाली, तर बहुतेक त्यांच्याच पक्षातल्या किंवा पक्षाजवळच्या पुढाऱ्यांना, ज्यांच्याकडं जमीन, कारखाना, माणसं सगळं आधीच होतं. दादांचा स्वभावच तसा होता, अडलेलं काम दिसलं की आधी मोकळं करायचं, नियम मागून बघू. कारखान्याच्या वेळी तो उपयोगी पडला, कारण तिथं सभासद शेतकरी हिशोब विचारायला बसलेला होता. कॉलेजात हिशोब कोण विचारणार? अठरा वर्षाचं पोरगं? त्याचा बाप, ज्यानं म्हशी विकल्यात? म्हणून "बाजार मांडला" असं म्हणण्यापेक्षा "बाजार होईल हे दिसत असताना राखण ठेवली नाही" असं म्हणा, मी खाली सही करतो.

1978 चं थोडक्यात. जनता पक्ष 99 जागा घेऊन सगळ्यात मोठा होता, फुटलेल्या काँग्रेसचे दोन पक्ष, म्हणजे दादांची काँग्रेस आणि इंदिरा काँग्रेस, एकमेकांविरुद्ध लढून मग सत्तेसाठी एकत्र आले, दादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, रोज खटके. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि सरकार गेलं. "पाठीत खंजीर" हे आपल्याकडं म्हणीसारखं झालंय, पण ते सरकार कुणालाच टिकवता आलं असतं असं मला वाटत नाही. यावर दादांना नापास करणं म्हणजे तळ फुटलेल्या घागरीत पाणी राहिलं नाही म्हणून पाणक्याला बोलणं.

आणि आता ते, जे तुम्ही लिहिलंच नाही. गिरणी संप. जानेवारी 1982 ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागं मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हे कामगार कुठले होते? कोकणातले, आणि घाटावरचे, म्हणजे साताऱ्याचे, सांगलीचे, कोल्हापूरचे. दादांचीच माणसं. 42 च्या चळवळीत ज्या गावांनी भूमिगतांना भाकरी दिली त्याच गावांची ही पुढची पिढी परळ-लालबागच्या खोल्यांत राहत होती. दादा फेब्रुवारी 83 ला मुख्यमंत्री झाले तेव्हा संपाला वर्ष उलटलं होतं, पोरं गावाकडं परतली होती, बायकांच्या अंगावरचं सोनं गेलं होतं. मान्यताप्राप्त युनियन एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, ती काँग्रेसची, कायदा तिच्या बाजूनं, आणि दिल्लीला सामंतांपुढं झुकायचं नव्हतं. दादांच्या हातात सगळं नव्हतं हे मी समजू शकतो. पण ज्या माणसानं 1985 ला दिल्लीनं प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं म्हणून मुख्यमंत्रिपद सोडून दिलं, त्यानं गिरणी कामगारांसाठी दिल्लीशी तसं भांडण का घेतलं नाही? राजीनामा द्यायची ताकद त्यांच्यात होती, ती त्यांनी पक्षातल्या नेमणुकीवर वापरली आणि अडीच लाख घरांसाठी वापरली नाही. संप कधी अधिकृतपणे मागं घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला, आणि त्याबरोबर आपल्या भागातल्या किती घरांची मनीऑर्डर बंद झाली.

माझ्या लेखात यावर एक परिच्छेद आहे, दुसऱ्या भागात मोठा येईल. तुम्ही मुंबईत वाढलात असं प्रतिक्रियेवरून वाटतं. घरात किंवा ओळखीत कुणी गिरणीत असेल तर त्यांना दादांबद्दल काय वाटतं ते विचारून इथंच खाली लिहा. सातवीवरून आणि कारखान्यावरून मी भांडत राहीन, पण त्या माणसानं दादांना शिव्या घातल्या तर मी त्याला उत्तर देणार नाही.