‘कुत्र्याला आधी बॉस कोण ते दाखवा’ : सगळीकडे फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

नवीन पिल्लू घरी आलं की कुणी ना कुणी हा सल्ला देतंच. कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक ‘अल्फा’ असतो आणि बाकीचे त्याच्या धाकात राहतात, तेव्हा घरातला अल्फा तुम्ही व्हायचं. त्यासाठी कुत्र्याच्या आधी जेवायचं, दारातून आधी बाहेर पडायचं, ऐकलं नाही तर त्याला उताणं पाडून दाबून धरायचं. ‘सिट’ शिकवताना कंबर दाबायची. खाऊ द्यायचा नाही, लाचेची सवय लागते. प्रशिक्षण सहा महिन्यांनंतरच सुरू करायचं. आणि एवढं करूनही ऐकत नसेल तर तो मुद्दाम आव्हान देतोय असं समजायचं. यातली दारात थांबवण्याची गोष्ट तेवढी उपयोगाची आहे. तिचंही कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं.

आधी तो लांडगा. ‘अल्फा’ची कल्पना प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये मांडलेल्या निरीक्षणांतून पसरली. त्यांनी पाहिलेले लांडगे बंदिवासात, एका आवारात एकत्र ठेवलेले होते. पळून जायला जागा नसलेल्या प्राण्यांत मारामाऱ्या होणारच. 1970 मध्ये लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या पुस्तकाने ही कल्पना घराघरांत पोचवली. पुढे त्याच मीच यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समियर बेटावर रानातल्या लांडग्यांचा जवळून अभ्यास केला आणि 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लं आईबापांच्या मागे जातात ती काही लढाई हरलेली असतात म्हणून नव्हे. ज्यांनी ही कल्पना गाजवली त्यांनीच ती मागे घेतली, हे मात्र सल्ल्याबरोबर कुणी सांगत नाही. शिवाय कुत्रा हजारो वर्षं माणसाजवळ राहून लांडग्यापासून बराच वेगळा झालाय, आणि तुम्ही कुत्रा नाही एवढं त्याला नक्की कळतं.

उताणं पाडून दाबणं हा या सल्ल्यातला सगळ्यात धोकादायक भाग. लांडग्यांत आणि कुत्र्यांत दबलेला प्राणी स्वतःहून पोट दाखवतो. त्याला कुणी धरून उलटं करत नाही. जबरदस्तीने उताणं केलेल्या कुत्र्याच्या लेखी तो जिवावरचा हल्ला असतो. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांचं एक सर्वेक्षण अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. मारणं, उताणं दाबणं, डोळ्यांत रोखून बघणं असे उपाय ज्यांनी केले, त्यांच्यातल्या किमान चौथ्या हिश्श्याने कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं. ही मुळात त्रास असलेली कुत्री होती हे खरं, पण हा सल्ला शोधत येणाऱ्यांकडे तशीच कुत्री असतात. गुरगुरण्यावर मार मिळाला की कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. पुढच्या वेळी इशारा न देता थेट दात लागतात.

आधी जेवण्याच्या मुद्द्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. तुम्ही कधी जेवलात याचा ‘सिट’शी काहीही संबंध नाही. दाराचं तसं नाही. दार उघडताच धूम ठोकणारा कुत्रा गाडीखाली येऊ शकतो, म्हणून थांबायला शिकवायचं. कडीला हात लावा. तो पुढे सरकला तर हात मागे. थांबला तर बोटभर फट उघडा; घुसायला लागला तर दार बंद, पण नाक आणि पंजे सांभाळून. दार उघडणं हेच इथे बक्षीस. आधी कोण बाहेर पडलं याने काही फरक पडत नाही. ‘चल’ म्हटल्यावरच तो बाहेर पडला, एवढं पुरे.

आता कंबर दाबण्याबद्दल. दाब आला की कुत्रा आपसूक उलट जोर लावतो, म्हणजे तुम्ही त्याला उभं राहायला शिकवत असता. वाढत्या पिल्लाच्या सांध्यांवर हा जोर नकोच. आणि कसाबसा बसलाच, तर ‘पाठीवर हात पडला की बसायचं’ एवढंच तो शिकतो. चार पावलांवरून सांगितलं की ढिम्म उभा.

त्याऐवजी खाऊचा तुकडा चिमटीत धरून नाकाला जवळजवळ टेकवा आणि हात सावकाश वर व किंचित मागे, दोन डोळ्यांच्या मधून डोक्यावर न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली जातं. ते जमिनीला टेकलं त्याच क्षणी ‘येस’ म्हणा आणि तो बसलेला असतानाच तुकडा तोंडात द्या. कुत्रा उडी मारत असेल तर हात फार उंच आहे. मागे मागे सरकत असेल तर हात फार मागे जातोय किंवा वेग जास्त आहे. तरीही सरकला तर भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उभा करा. सर्वात नेहमीची चूक वेळेची. तो बसतो, तुम्ही खिशात खाऊ शोधता, तोवर तो उठतो आणि मग तुकडा मिळतो. बक्षीस उठण्याला गेलं.

पाच-सहा वेळा असं जमलं की चिमूट रिकामी ठेवून तीच हालचाल करा आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्या. शब्द यानंतर आणायचा. आधी ‘सिट’ म्हणा, सेकंदभर थांबा, मग हात हलवा. शब्द आणि हात एकाच वेळी आले तर कुत्रा हात बघतो, शब्द त्याच्या कानावरून जातो. ‘डाउन’साठी बसलेल्या कुत्र्याच्या नाकापासून तुकडा सरळ खाली पुढच्या पंजांमध्ये आणि मग जमिनीलगत हळूच पुढे. पुढचं अंग खाली आणि बूड वर राहत असेल, तर आपला गुडघा वाकवून त्याखालून त्याला तुकड्यामागे जाऊ द्या, वाकावंच लागतं.

लाचेच्या आक्षेपात थोडं तथ्य आहे. आधी तुकडा दाखवून मग आज्ञा दिली आणि महिनोन्‌महिने तेच चाललं, तर कुत्रा रिकामा हात ओळखायला लागतो. पण हा दोष खाऊचा नाही, चिमूट वेळेवर रिकामी न केल्याचा आहे. खाऊ नजरेआड ठेवा, काम झाल्यावर द्या. सवय पक्की झाली की दर वेळी न देता मधूनमधून, अंदाज लागू न देता द्या; बाकी वेळी शाबासकी, खेळ किंवा दार उघडणं चालतं. तुकडा मटारच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही बारीक असावा. दिवसभराच्या उष्मांकांपैकी अशा वरच्या खाऊचा वाटा 10 टक्क्यांच्या आत ठेवा, किंवा सरळ रोजच्या खाण्यातलाच भाग वापरा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेलं काहीही कुत्र्यासाठी विषारी आहे, अगदी छोट्या तुकड्याच्या रूपातही देऊ नका.

सहा महिने थांबण्याची रीत गळपट्ट्याला झटके देऊन शिकवण्याच्या काळातली. कोवळ्या मानेला ते झटके झेपत नसत. खाऊने शिकवायचं तर आठ आठवड्यांचं पिल्लूही ‘सिट’ शिकतं. माणसं, आवाज, वेगवेगळ्या जागा यांची भीड मोडण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. सहा महिने वाट पाहिली तर तो हातचा जातो, आणि पदरात पडतो ऐन वयात आलेला, प्रत्येक वासामागे धावणारा कुत्रा. पिल्लासाठी एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरतात, दिवसातून तीन-चारदा. जांभया, इकडेतिकडे बघणं, जमीन हुंगणं सुरू झालं की थांबा.

‘घरी सगळं येतं, बाहेर मुद्दाम ऐकत नाही’, हा आव्हानाचा मुद्दा. एक साधी चाचणी घ्या. कुत्र्याकडे पाठ करून, हात न हलवता ‘सिट’ म्हणा. बहुतेक कुत्री गोंधळून समोर येतात. त्यांनी शिकलेलं असतं ते तुमचं समोर उभं राहणं, वाकणं आणि हात, सगळं मिळून. जागा बदलली की धडा जवळजवळ नवा होतो. म्हणून ‘स्टे’ शिकवताना वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड यांतली एकच गोष्ट एका वेळी वाढवा, आणि एक वाढवली की बाकीच्या दोन उतरवा. दहापैकी आठ वेळा जमलं तर पुढे जा, निम्म्यावर आलं तर एक पायरी मागे. घरात एक जण ‘सिट’, दुसरा ‘बस’ आणि तिसरा ‘बस, बस, बस ना रे’ म्हणत असेल, तर आज्ञाभंगाचा आरोप कुत्र्यावर ठेवता येणार नाही.

बोलावल्यावर न येणाऱ्या कुत्र्यालाही हेच लागू. ‘कम’ म्हटल्यावर आला की साखळी लागते आणि खेळ संपतो, किंवा उशिरा आला म्हणून ओरडा बसतो. चार वेळा असं झालं की तो लांबूनच हिशेब करतो. उशिरा आला तरी खाऊ द्या, गळपट्टा धरा, सोडा आणि परत खेळायला पाठवा. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा असंच. अंघोळीला किंवा औषधाला न्यायचं असेल तर ‘कम’ न म्हणता स्वतः जाऊन आणा. उघड्यावर सराव करताना पाच ते दहा मीटरची लांब दोरी वापरा, ती हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला, अडकवा. गळपट्ट्याला अडकवली तर पूर्ण वेगात धावताना मानेला हिसका बसतो. येणारच नाही अशी खात्री असताना हाक मारूच नका.

आणि आजवर चटकन बसणारा कुत्रा अचानक बसायला टाळाटाळ करू लागला, अर्धवट बसून एक पाय बाजूला टाकू लागला किंवा उठताना थबकू लागला, तर आज्ञा बाजूला ठेवून पशुवैद्याकडे न्या. खुबा, गुडघा किंवा पाठ दुखत असल्याची ही चिन्हं असू शकतात. दुखणं बरं होईपर्यंत त्याच्याकडून उभ्यानेच थांबायचं काम घ्या.