साहेब, अँगल जरा डावीकडून

तक्रार घेऊन पोलीस ठाण्यातल्या लाकडी बाकावर तीन तास काढले की माणसाचं बरंच शिक्षण होतं. ठाणे अंमलदार सांगतात, ‘साहेब राऊंडला गेलेत.’ राऊंडला गेलेले साहेब त्याच संध्याकाळी इन्स्टाग्रामवर सापडतात: गॉगल, संथ चाल, मागे ढोलताशा आणि खाली ओळ, ‘जनतेच्या सेवेसाठी सदैव तत्पर’. ठाणं कुठलं ते विचारू नका. खाडीच्या अलीकडचं की पलीकडचं, तेही नको. वर्दीत असाल आणि फॉलोअर्स दहा हजारांवरच अडकले असतील तर पुढचं मार्गदर्शन खास तुमच्यासाठी. फी नाही, अर्ज नाही. पोच मात्र मागू नका, आम्हालाही मिळालेली नाही.

सुरुवात जागेपासून करू. नवी मुंबईचा पाम बीच रोड संध्याकाळी गाठा, सूर्य खाडीवर उतरतो तेव्हा चेहऱ्यावर तेज येतं. घोडबंदर रोड टाळा. गायमुखच्या चढाला ट्रक बंद पडलेला असतो, मागे अडकलेले लोक फ्रेममध्ये शिरतात आणि ते जे हात हलवतात ते अभिवादन नसतं. अटल सेतू उत्तम. तिथे गाडी थांबवायला सगळ्यांनाच मनाई आहे, म्हणजे मागे गर्दी नाही.

माणसं चार लागतात. गाडीवर चालक, मोबाईल धरायला एक शिपाई, रस्ता अडवायला दुसरा आणि चौथे तुम्ही. तीस सेकंदांच्या रीलला तास जातोच, कारण पहिल्या तीन वेळा टोपी वाऱ्याने उडते. हे चार मनुष्यतास लॉगबुकात ‘पेट्रोलिंग’ म्हणून घाला. किलोमीटर जुळतील एवढं बघा.

बुलेटवरून एन्ट्री घेताना हेल्मेट घालू नका, भांग दिसत नाही. साध्या माणसाला कायद्यात त्यासाठी हजार रुपये दंड आहे. मोटार वाहन कायद्यात २१०बी नावाचं एक खवचट कलम आहे. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट, म्हणजे दोन हजार. पण काळजी नको. चलान काढणारा तुमच्याच बॅचचा असतो.

खासगी गाडीत काचेमागे ‘पोलीस’ पाटी हवीच.

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या. वैयक्तिक खात्यावर स्वतःचा साधा फोटो चालेल, पण पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, सरकारी गाडी, सरकारी इमारत यांचा वापर फोटोत, रीलमध्ये, व्हिडिओत टाळावा. त्याच्या मागे १९७९ चे वर्तणूक नियम आहेतच. हे वाचायच्या फंदात पडू नका. गणवेश, गाडी आणि इमारत काढून घेतली तर तुमच्या रीलमध्ये उरतं काय?

केबिनमध्ये शूटिंग करत असाल तर मागे काय दिसतंय ते बघायचं नाही, असा दंडक आहे. मागे गुन्ह्यांचा फलक असतो. टेबलावरच्या संगणकात कुणाची तरी फिर्याद उघडी असते, त्यात नाव, पत्ता, मोबाईल नंबर. वायरलेसवर बंदोबस्ताचं बोलणं चालू असतं. खुर्चीत एखादी बाई खाली मान घालून बसलेली असते. ती लैंगिक गुन्ह्यातली फिर्यादी असेल तर तिची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. लहान मूल असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४. चेहरा धूसर केला की झालं, असं कुणी सांगेल. ओळख चेहऱ्यानेच होते का? इमारतीचं नाव, शाळेचा गणवेश, सोबत आलेल्या भावाचा आवाज एवढं घणसोलीच्या एका चाळीला पुरतं. पण आपला विषय लाईक्सचा होता, नाही का.

आता मुख्य पदार्थ: आरोपीचं रील. याशिवाय एक लाखाचा टप्पा ओलांडता येत नाही. कृती सोपी आहे. आरोपी पकडावा, चौकात चालवत न्यावा, तो लंगडत असेल तर उत्तम, वर गाणं टाकावं. शेवटी त्याने हात जोडून ‘चुकलो, परत असं करणार नाही’ म्हणावं. लोक टाळ्या वाजवतात, ‘असेच साहेब हवेत’ लिहितात. मग खटला उभा राहतो. ओळखपरेड नावाचा एक प्रकार असतो, साहेब, तुम्ही प्रशिक्षणात शिकलात. आरोपीला तोंड झाकून न्यायचं, त्याच्याच चणीची निदान सहा माणसं शेजारी उभी करायची, दंडाधिकाऱ्यांसमोर साक्षीदाराने बोट दाखवायचं. पोलिसांनी बाजूला राहायचं. हे सगळं कशासाठी? साक्षीदाराने त्याला गुन्ह्याच्या वेळीच पाहिलं होतं, मधे कुठे नाही, हे कोर्टाला पटावं म्हणून. तुम्ही तर त्याचा चेहरा साक्षीदाराच्याच मोबाईलवर पोचवला, बायकोने त्याला दोनदा दाखवला. बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो आणि परेड तिथेच संपते.

ती माफी? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३, त्याआधी जुन्या कायद्यात कलमं २५ आणि २६. इंग्रजांनाही पोलीस कोठडीतल्या कबुलीवर विश्वास नव्हता, त्यामागे कारणं होती. म्हणजे त्या माफीचा खटल्याला उपयोग शून्य. उपयोग होतो तो आरोपीला. लंगडणारा पाय कॅमेऱ्यात तुम्हीच टिपलाय, कोठडीत मारहाण झाली म्हणायला त्याला साक्षीदार शोधावा लागत नाही. शिवाय वेळ. अटक पंचनाम्यात लिहिलंय सायंकाळी सहा, रील चढलंय दुपारी एकला. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं असतं, तो काटा नेमका कधी सुरू झाला याचा हिशेब आता वकील तुमच्याच खात्यावरून काढतो. स्क्रीनशॉटला स्टेशन डायरीसारखी खाडाखोड करता येत नाही. आरोपी सुटतो. जिचं मंगळसूत्र गेलं ती बाई कोर्टाच्या पायरीवर उभी असते आणि तुमच्या रीलला तोवर चार लाख व्ह्यूज झालेले असतात. माणूस निर्दोष निघाला तर मग बोलूच नका. रील काही मागे घेतलं जात नाही.

गंमत म्हणजे नव्या कायद्याने तुम्हाला शूटिंगचं काम खरोखरच दिलंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५: झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं, मोबाईलवर केलं तरी चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. तिथे मात्र नेमकी बॅटरी उतरते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला सांगितलं, चित्रण अठरा महिने, अगदीच जमलं नाही तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितलं. कोठडीबाहेरचा कॅमेरा हवा त्या दिवशी बंद असतो. रीलसाठी मोबाईल स्थिर धरणारा गिंबल मात्र चार्ज असतो.

व्हॉट्सॲपही सोडू नका. सोसायट्यांच्या आणि पोलीस मित्रांच्या गटांत तुम्ही असताच. रात्री अकरा वाजता तिथे एखाद्या पक्षाचा, एखाद्या जातीचा किंवा धर्माचा तिखट मेसेज पुढे ढकलून द्या. वर ‘आला तसा पाठवला’ लिहा. गटातल्या दोनशे जणांपैकी वीस जणांना त्या क्षणी कळतं की आपल्यावर काही बेतलं तर या माणसाकडे जायचं नाही. ते गट सोडत नाहीत, वादही घालत नाहीत. फक्त तक्रारीला येत नाहीत. तुमच्या हद्दीतले गुन्हे कमी होतात ते असेही.

अधिकृत खात्यावर तक्रार आली तर उत्तर तयार ठेवा: ‘आपल्या तक्रारीची दखल घेतली असून संबंधितांना कळविण्यात आले आहे.’

कमेंट बंद.

एवढं करून कुणी वर विचारलंच, तर म्हणा खातं हॅक झालं होतं. खरंच झालं असेल तर आम्ही करतो तसा १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पैसे गेले असतील तर व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, पोच क्रमांक कागदावर उतरवून घ्या, आणि पुढचे पंधरा दिवस बँकेने पोलिसांकडे व पोलिसांनी बँकेकडे कसं पाठवायचं याचा अनुभव घ्या. फारच गवगवा झाला तर नियंत्रण कक्षाशी संलग्न करतात. वातानुकूलित असतो.

साहेब, पुरे झालं आता.

मोबाईल चोरीला गेला म्हणून माणूस येतो तेव्हा तुमचा अंमलदार छापील फॉर्म पुढे सरकवतो आणि त्यावर शब्द असतो ‘गहाळ’. हिसकावून नेला तर ती जबरी हिसका-चोरी, न्याय संहितेत त्याला स्वतंत्र कलम आहे, ३०४. खिशातून काढला तर ३०३. पाच हजारांच्या आतली किरकोळ चोरी अदखलपात्र असेल एक वेळ, पण वीस हजारांचा फोन पाच हजारांचा कसा होतो? गहाळ लिहायचं कारण तुम्हालाही ठाऊक आहे आणि बाकावरच्या माणसालाही. चोरी लिहिली की फलकावरचा आकडा वाढतो, तपास करावा लागतो, नव्वद दिवसांत फिर्यादीला प्रगती कळवावी लागते. गहाळ झालं की कुणाचा बाप विचारत नाही. त्या एका शब्दावर विमा कंपनी दावा फेटाळते. त्या फोनवरून खातं रिकामं झालं तर बँक एफआयआर मागते. आणि तुम्ही ‘हद्द आमची नाही, रेल्वे पोलिसांकडे जा’ म्हणता. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा नोंदवायचाच आणि मग तिकडे पाठवायचा, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये १ जुलै २०२४ पासून छापलेलं आहे. गुन्हा नोंदवणं तुमच्या मर्जीवर नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं होतं. लाज वाटायला हवी. तुमच्यातलाच कुणी शिपाई पावसात गुडघाभर पाण्यात बंद पडलेली रिक्षा ढकलतो, त्याचा व्हिडिओ दुसरे लोक काढतात. त्याला ढोलताशा लागत नाही. त्याच्या नावावर तुम्ही फॉलोअर्स जमवता आणि तुमच्या नावाने लोक त्याला शिव्या घालतात.

उद्या सकाळी दहा वाजता परत येतो. बिल आणि आयएमईआय नंबर दोन्ही आणतो. त्या फॉर्मवरचं ‘गहाळ’ खोडा आणि ‘चोरी’ लिहा. प्रत फिर्यादीला फुकट द्यायची असते, समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आण म्हणू नका.