अंड्यासाठी वर्गणी मागायची कोणाकडे?

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्याचे पैसे बंद केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं, आठवड्याला एकच अंडं. न खाणाऱ्याला केळं. पुढे द्यायचं तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं जीआर सांगतो. लंडनमध्ये बसून यावरची भांडणं वाचते, ती बहुतेक शाकाहार-मांसाहाराची. मला खटकली ती वर्गणीची सोय.

बागायती गावात पतसंस्था, कारखान्याचे संचालक, पुण्यात नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी, कोणी ना कोणी पैसे देईल. पण नंदुरबारमधल्या धडगावच्या आदिवासी पाड्यावर? किंवा दिवाळीच्या सुमारास अर्धं गाव ऊसतोडीला जातं त्या बीडच्या तांड्यावर? तिथे गुरुजींनी पावतीपुस्तक घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं? जिथे अंड्याची गरज जास्त, तिथेच ते आधी बंद होणार. आदिवासी भागात अंगणवाडीतल्या मुलाला अमृत आहार योजनेतून अंडं मिळतं. तेच पोर पहिलीत गेलं की त्याची भूक गावाच्या ऐपतीवर.

इंग्लंडात सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. इथे सात वर्षांपर्यंतच्या मुलांना २०१४ पासून शाळेत सरसकट मोफत जेवण आहे, पण त्यापुढे घरची मिळकत बघतात. २०१८ मध्ये मर्यादा ठरली वर्षाला ७,४०० पौंडांची. अर्ज करताना आईची दुकानातली कमाई त्याहून थोडी जरी जास्त भरली, तरी पोराला मोफत ताट मिळत नसे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने आवाज उठवला, तेव्हा कुठे सरकारने उन्हाळी सुट्टीतल्या जेवणासाठी व्हाउचर दिली. ही मिळकतीची अट सप्टेंबर २०२६ पासून सैल करण्याची घोषणा व्हायला २०२५ उजाडलं. लंडनमध्ये महापौर सादिक खान यांनी सप्टेंबर २०२३ पासून सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्याच मुलांना जेवण सुरू केलं, म्हणून माझ्या मुलीच्या वर्गात कोण गरीब हे निदान ताटावरून तरी कळत नाही. (‘भारतात नुसत्या खिरापती वाटतात’ म्हणणाऱ्या आमच्या मंडळींची पोरंही तेच जेवतात, बरं का!)

आपल्याकडे सरकारी शाळेत शिजवलेलं अन्न सुप्रीम कोर्टाच्या २००१ च्या आदेशापासून हक्काचं आहे, उत्पन्नाचा दाखला न मागता. एवढी मोठी गोष्ट आपण केली, आणि अंड्यापाशी अडलो. तामिळनाडूतल्या मुलांना शाळेत आठवड्याचे पाच दिवस अंडं मिळतं.

माझा देणगीला विरोध नाही. कर्नाटकाने २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनचे पैसे घेतलेच की. दोन दिवसांची अंडी राज्याची, उरलेल्या चार दिवसांची फाउंडेशनची. पण करार सरकारने केला आणि अंडी राज्यभर दिली. महाराष्ट्राकडे खरंच पैसे नसतील, तर मुंबईतल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे त्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी, मंत्रालयाने हात पसरावा. ते ओझं धडगावच्या गुरुजींच्या डोक्यावर कशाला?