बंद केलं म्हणजे बंद असायला हवं!

फोनमधली गूगलची लोकेशन हिस्टरी (तुम्ही कुठेकुठे गेलात याची नोंद; आता नाव 'टाइमलाइन') बंद केली की माणूस निर्धास्त होतो, आणि इथेच फसतो! ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उघड केलं, की ती बंद असतानाही गूगल ठावठिकाणा साठवत होतं, 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' या भलत्याच सेटिंगखाली. तेही मुळातच चालू ठेवलेलं. नुसता नकाशा उघडला, हवामान आपोआप ताजं झालं, की झाली नोंद. नावात 'लोकेशन' शब्दच नाही, मग सामान्य माणसाने शोधायचं तरी कुठे? २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांना ३९.१५ कोटी डॉलर मोजून गूगलने प्रकरण मिटवलं. दोन बटणांचा घोळ मात्र आपल्याच माथी.

आत्ताच फोन घ्या. गूगल अकाउंट, 'डेटा अँड प्रायव्हसी', मग 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'. नुसतं 'टर्न ऑफ' दाबलं तर जुना साठा तसाच राहतो. 'टर्न ऑफ अँड डिलीट ॲक्टिव्हिटी' निवडा. बंद करायचं नसेल तर 'ऑटो-डिलीट' (जुना साठा आपोआप पुसणं) निदान ३ महिन्यांवर आणा. आईवडिलांच्या फोनवरही करा, त्यांना हे कोणी सांगत नाही. आणि एका फोनवर दोन खाती असतील तर हा सगळा खटाटोप दोनदा!