‘पुराव्यावाचून विश्वास ठेवणारे अडाणी असतात’ : एक प्रतिवाद

‘पुराव्यावाचून विश्वास ठेवणारी माणसे अडाणी असतात, त्यांच्याजवळ पुरावा नसतो, तो दाखवला की ती ताळ्यावर येतात’ अशा अर्थाचा मजकूर हल्ली मोठ्या उत्साहाने पुढे पाठवला जातो. त्यातील तिन्ही विधाने मला चुकीची वाटतात.

पहिले अडाणीपणाचे. लायनस पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे, अशी दोन नोबेल पारितोषिके मिळाली होती. तरीही ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते हे मत, प्रतिकूल चाचण्या समोर येऊनही, त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. शिक्षणामुळे माणूस चुकायचा थांबतोच असे नाही, चुकीचे समर्थन मात्र तो अधिक सफाईने करू शकतो.

दुसरे विधान अधिक फसवे आहे, कारण विश्वास ठेवणाऱ्याजवळ बहुधा पुरावा असतो, फक्त तो एकाच बाजूचा असतो. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यांमागचा नियम ओळखायला सांगितले होते. नियम साधा होता : आकडे चढत्या क्रमाने असावेत. ‘दोनदोनने वाढणारे आकडे’ असा तर्क करून बहुतेकांनी ८, १०, १२ अशीच उदाहरणे तपासली, प्रत्येक वेळी ‘बरोबर’ असे उत्तर मिळाले आणि खात्री वाढत गेली; १, २, ३ विचारून आपला तर्क मोडतो का, हे पाहण्याचे फार थोड्यांना सुचले. फळलेला नवस लक्षात राहतो आणि न फळलेला विसरला जातो, तो याच रीतीने. शिवाय १९७७ मधील एका प्रयोगात तीच विधाने काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा ऐकवल्यावर, खरी असोत वा खोटी, लोकांना ती अधिक खरी वाटू लागली. (हा मजकूरही बहुधा अशाच पुनरावृत्तीवर तगून आहे.)

राहिले तिसरे. १९०३ मध्ये रेने ब्लाँडलो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने ‘एन’ किरणांचा शोध जाहीर केला. पुढच्याच वर्षी अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी ब्लाँडलो यांच्या प्रयोगशाळेत अंधाराचा फायदा घेऊन उपकरणातील, किरण विभागण्यासाठी आवश्यक असलेला लोलक (प्रिझम) गुपचूप काढून घेतला, तरी तिथल्या प्रयोगकर्त्यांना किरण ‘दिसतच’ राहिले; म्हणजे ते मुळात नव्हतेच. हे प्रसिद्ध होताच फ्रान्सबाहेरच्या शास्त्रज्ञांनी त्या किरणांचा नाद सोडला. ब्लाँडलो यांनी सोडला नाही. त्यांचे नाव त्यात गुंतलेले होते.