अजगराची बातमी कशी शिजवावी

अमेरिकेतल्या फ्लोरिडात बाहेरून येऊन पसरलेल्या बर्मीज अजगरांवर बातमी करताय? उत्तम. साप पाळणाऱ्या कुणालाही फोन करू नका, ती माणसं उगाच दुरुस्त्या सुचवतात. परवाच एका वाहिनीने तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीची बातमी दिली आणि पडद्यावर अर्धा मिनिट बॉल पायथन हा दुसराच, छोटा अजगर दाखवला. तोच आदर्श समोर ठेवून या काही सूचना.

सुरुवात 'महाकाय'ने करा आणि शेवट 'थरकाप'ने. मधला 'विळखा' आपोआप पडतो.

अजगर विषारी असल्याचं सांगा. नसतो, पण पार्श्वसंगीताला शोभतं.

लांबीसाठी मेलेला साप सरळ करून नाकापासून शेपटीपर्यंत टेप लावू नका, आकडा पडेल. सोललेलं ओलं कातडं ताणून मोजा, चांगलं फुटांनी वाढतं. फोटोत साप काठीवर टांगा, काठी कॅमेऱ्याकडे पुढे करा आणि आपण मागे उभे राहा. 2023 साली खरोखरच 19 फुटांची मादी सापडली होती, पण खऱ्यावर कोण थांबतं?

एकूण संख्या तीन लाख सांगा. संशोधकांकडे भरवशाचा आकडाच नाही. गवतातला अजगर पायाशी असला तरी दिसत नाही, शोधायला गेलात तर तो सापडण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी. म्हणजे तुम्हाला खोटं ठरवणार कोण!

2008 चा तो नकाशा, ज्यात अजगर अर्ध्या अमेरिकेत पसरायला निघालेत, तो जरूर लावा. दक्षिण कॅरोलायनात 10 अजगर उघड्या कुंपणात ठेवले होते आणि पहिल्याच हिवाळ्यात सगळे मेले, हे मात्र गाळा.

2018 चा संकरित 'महासर्प' विसरू नका. तपासलेल्या सुमारे 400 सापांपैकी 13 जणांत भारतीय अजगराच्या जनुकांची खूण मिळाली, एवढंच. पण 'भारतीय रक्ताचा राक्षस' हा मथळा सोडायचा कसा?

आता चित्र. बर्मीज शोधत बसू नका, ठिपकेवाला कुठलाही साप चालतो. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, पूर्ण वाढला तरी बहुधा 3 ते 5 फूट, घाबरला की डोकं आत घेऊन चेंडू होतो. नाव त्यावरूनच पडलंय. बर्मीजच्या डोक्यावर बाणाच्या टोकासारखी ठळक खूण असते, अंगावर जिराफासारखे तपकिरी डाग. ओळखायला पाच सेकंद लागतात. पण नाही! बॉल पायथनही जमला नाही, तर आपल्या रानातला भारतीय अजगर लावतात. 1972 च्या कायद्याने संरक्षित, शेतातले उंदीर-घुशी खाणारा. तुमची बातमी 'आक्रमक अजगर' म्हणून गावोगाव फिरते, आणि उद्या उसाच्या फडात तो निघाला की लोक काठ्या घेऊन धावतात. फ्लोरिडाचा राग शिरूरमध्ये निघतो. याचं काय करायचं?

पुरे झाला उपरोध. ते अजगर तिथे नुकसान करतात, हे खरंच आहे. 2012 च्या अभ्यासात रस्त्यांवर दिसणारे रकून हे छोटे सस्तन प्राणी 99 टक्क्यांनी घटलेले आढळले. आणि ते पाळीव सापांच्या व्यापारातूनच आले. साप पाळणारे आपले लोक सगळा दोष 1992 च्या अँड्र्यू वादळावर ढकलतात (त्यात पिंजरे फुटून साप सुटले म्हणे), पण 1979 सालीच तिथे अजगर सापडल्याची नोंद आहे. अर्ध्या मीटरचं पिल्लू विकत घ्यायचं, दोन-तीन वर्षांत ते 10 फुटांचं झालं की ससे पुरवताना जीव मेटाकुटीला येतो, मग रात्री गाडीतून नेऊन सोडायचं. असं करणाऱ्याला शौकीन कसलं म्हणता? नालायकच तो!

आणि पत्रकार हो, न झेपणारा प्राणी दंडाशिवाय परत घेण्याची योजना फ्लोरिडाचा वन्यजीव विभाग चालवतो. 12 फुटांचा साप घरात घेऊन घाबरलेल्या माणसाला तुमच्या बातमीतून हवी होती ती ही एक ओळ. तुम्ही त्याला 'राक्षसाचा मालक' ठरवलंत. आता तो फोन कशाला करेल? दलदल जवळ आहे, आणि रात्री कुणी बघत नाही.