दहा ओळींचा गृहपाठ

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा बडोद्याला येतो, आमरस खातो, पंख्याखाली लोळतो आणि परत जाण्याच्या दोन दिवस आधी दप्तरातून गृहपाठाचा कागद काढतो, हा आमच्या दांडिया बाजारातल्या घराचा जुना शिरस्ता आहे. या वर्षीच्या कागदावर ‘प्राणिसंग्रहालयास भेट देऊन त्याचे महत्त्व दहा ओळींत लिहा’ असा हुकूम होता. ताईने फोनवरून “तू एवढा शिकलेला, तूच घेऊन जा त्याला” असे म्हणून माझ्या शिक्षणाचा आयुष्यात पहिल्यांदा गौरव केला आणि मी भर उन्हात, दुखरा गुडघा आणि खिशात त्याची गोळी घेऊन, कामाटीबागेकडे निघालो. 1879 सालची ही बाग कागदोपत्री सयाजीबाग असली, तरी बडोद्याच्या मराठी माणसाच्या तोंडी ती कामाटीबागच आहे.

प्राणिसंग्रहालयामुळे लोकशिक्षण होते असे म्हणतात, आणि ते होतेही. परंतु ते पाटीवरून होत नाही, कारण पाटी वाचणारा एकही माणूस मला त्या दिवशी आढळला नाही. ते होते शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांकडून. बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे असेच एक गृहस्थ मुलाला खांद्यावर घेऊन “जो बेटा, चित्तो!” असे शिकवीत होते. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे 1952 मध्ये जाहीर झाले आणि तो पुन्हा आणायला 2022 साल उजाडावे लागले, तेही नामिबियाहून कुनोच्या जंगलात. कामाटीबागेतल्या प्रेक्षकांना मात्र मधल्या 70 वर्षांत तो एक दिवसही कमी पडलेला नसावा. मी नम्रपणे “आ तो दीपडो छे” असे सुचवले. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले, बिबट्याकडे पाहिले आणि मुलाला सांगितले, “अंकल दीपडो कहे छे. पण छे चित्तो.”

सिंह झोपला होता. दिवसाचा बहुतेक वेळ झोपणे ही सिंहाची रीतच आहे. पण तिकीट काढलेल्या माणसाला ते पटत नाही. टाळ्या, शिट्ट्या आणि “एय, ऊठ ने!” यांचा मारा चालू असताना त्याने एकदा शेपटीने माशी उडवली, आणि तेवढ्यावरच दोन कुटुंबे कृतार्थ होऊन पुढे गेली. माकडांपाशी एक काका खाऱ्या शेंगांच्या पुडीतून एकेक दाणा नेम धरून आत टाकत होते. प्राण्यांना खायला घालणे हा कायद्याने गुन्हा आहे, असे भाच्याने पाटीवरून मोठ्याने वाचून दाखवले. (म्हणजे पाटी वाचणारा एक निघाला.) काकांनी कौतुकाने ऐकून घेतले आणि पुढचा दाणा त्याच्या हातावर ठेवला.

सावलीतल्या बाकावर बसल्यावर त्याने मुद्द्याचा प्रश्न विचारला, “मामा, कोंडून ठेवल्यावर प्राणी वाचतात कसे?” मी घसा खाकरून प्रझेवाल्स्कीच्या घोड्यापासून सुरुवात केली. मंगोलियातला हा रानघोडा 1960 च्या दशकात जंगलातून नाहीसा झाला आणि आज तिथल्या कुरणांत जे चरतात, ते प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मूठभर घोड्यांचे वंशज आहेत. भाच्याने पेन्सिल सरसावून नावाचे स्पेलिंग विचारले. मला ते सांगता येईना, तेव्हा घोडा दहा ओळींतून बाद झाला.

मग मी गिधाडे काढली. गुरांना टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पंधराएक वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातले एखादेसुद्धा उरले नाही, अशा गतीने संपली. 2006 मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झाले. पण गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते, त्यामुळे नुसत्या बंदीने भागणारे नव्हते. म्हणून हरियाणात पिंजोरला आणि आपल्या जुनागढच्या 1863 सालच्या सक्करबागेत त्यांची पैदास सुरू झाली. पहिले अंडे काढून यंत्रात उबवले, तर जोडी दुसरे घालते, ही त्यातली खुबी. एवढे सांगून मी गुडघ्याची गोळी काढली. भाच्याने पट्टी हातात घेऊन बारीक अक्षरांवर बोट फिरवले.

“मामा, हे डायक्लोफिनॅकच आहे.”

“माणसांना चालतं.”

“पण तुला गिधाडांनी खाल्लं तर?”

मला गिधाडे खाणार नाहीत, आपल्यात दहन करतात, हे मी त्याला परतीच्या वाटेवर निम्म्या रस्त्यापर्यंत समजावीत होतो.

विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी दिसली. खाली चिखलाच्या काठावर एक मगर जबडा उघडा टाकून ऊन खात पडली होती. पिंजरा नाही, पाटी नाही, तिकीट नाही. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात हीच मंडळी सोसायट्यांमधून हिंडून गेली होती, त्यामुळे बडोदेकरांना त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. कठड्यापाशी तीसेक माणसे उभी होती. कोणी टाळी वाजवीत नव्हते, “ऊठ ने” म्हणत नव्हते आणि मगरीला चित्ता तर कोणीच म्हणत नव्हते. शेंगांचे काकाही तिथे होते. पुडी त्यांनी खिशात ठेवली होती.

भाच्याने घरी येऊन दहा ओळी लिहिल्या. नऊ गिधाडांवर होत्या. दहावी अशी होती : ‘मगर पिंजऱ्यात नसल्यामुळे माणसे शिस्तीत उभी होती.’ ताईने ती खोडायला सांगितली, मी राहू दिली.

रात्री गुडघा पुन्हा दुखू लागला म्हणून गोळी शोधू गेलो, तर पट्टी नेहमीच्या जागी नव्हती. ती आजतागायत सापडलेली नाही.